खोल्याची पहिली गाठ

मार्तंडची होडी भरतीबरोबर गोराईच्या बंदराला लागली तेव्हा तिच्यात मासळी थोडी आणि जाळंच जास्त होतं. फाटलेलं डोल जाळं ओलं, चिखलाने माखलेलं, ढिगासारखं पडलं होतं. मार्तंड आणि त्याचा खलाशी चंदू, दोघांनी ते खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून ओढत आणलं आणि घरापुढच्या अंगणात टाकलं. कुणी काही विचारण्याआधीच मार्तंड म्हणाला, "तळाला लोखंड होता कसला तरी. बार्जचा असल. जाला अडकला तो अडकलाच."

मथुरा, त्याची बायको, हातातली टोपली तशीच धरून उभी राहिली. दिवाळी होऊन गेली होती, बोंबलाचे दिवस होते, आणि दारातल्या बांबूच्या वलांड्या रिकाम्या होत्या. शेजारच्या जयाच्या वलांडीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत होते. मथुरा येता-जाता तिकडे बघायची नाही, पण वास काही थांबवता येत नाही.

पुनवेचं उधाण तोंडावर आलं होतं. डोल जाळ्याचं सगळं गणित उधाणावर चालतं. पाण्याला ओढ असली तर मासळी जाळ्यात जाते, नाहीतर जाळं नुसतंच पाण्यात न्हात बसतं. दुसरं जाळं गेल्या वर्षीच कुजलं होतं. म्हणजे हेच जाळं पुनवेच्या आत शिवायला हवं होतं.

धाकूआजा ओट्यावरून उठून आला. मार्तंडचा बाप. दोन वर्षांपूर्वी लकव्याचा झटका आला तेव्हापासून त्याचा डावा हात नुसता सोबतीला होता. आजा जाळ्याच्या ढिगापुढे मांडी घालून बसला आणि उजव्या हाताने चाचपू लागला. नजर अधू झाली होती, पण बोटं सांगत होती कुठे किती गेलंय ते. शेवटी त्याचा हात खोल्याशी आला. खोला म्हणजे जाळ्याचं शेपूट, जिथे सगळी मासळी येऊन साठते. तिथे मोठं भगदाड होतं.

"शिवूं," आजा म्हणाला. "रोशनी कया गेली? तिला बोलव. सुई भरून देल."

रोशनी म्हणजे मार्तंडची मुलगी. ती त्या वेळी खाडी ओलांडून येणाऱ्या फेरीबोटीत होती, पाठीवर कॉलेजची बॅग आणि डोक्यात भलतंच काही घेऊन.

*

रोशनी बोरिवलीच्या एका कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. कोळीवाड्यातल्या पोरी कॉमर्स घेत, नाहीतर ब्युटी पार्लरचा कोर्स करत. हिने इंग्रजी घेतलं. वर्गात ती तिसऱ्या बाकावर खिडकीकडेला बसायची. पहिल्या वर्षी कुणीतरी मागून "सुकटीचा वास येतोय यार" असं म्हटलं होतं. कुणाला उद्देशून ते तिने वळून पाहिलं नव्हतं, पण तेव्हापासून ती खिडकीकडेलाच बसते.

त्या दिवशी इरावती मॅडमनी प्रोजेक्ट समजावला होता. मॅडम वर्गात इंग्रजीत बोलत, पण काही मनावर घ्यायचं असलं की मराठीवर येत.

"भाषा पुस्तकात नसते, माणसांत असते," त्या म्हणाल्या. "ती माणसांत जाऊन बघायची. विषय तुमचा तुम्ही निवडा."

प्रांजल नावाच्या मुलीने स्टेशनबाहेरच्या दुकानांच्या पाट्या घेतल्या. प्रज्योतने कॅन्टीन घेतलं, कारण तो तसाही तिथेच असायचा. रोशनीने उभं राहून सांगितलं, "मुंबईवर इंग्रजीचा परिणाम."

मॅडम हसल्या. "एवढी मुंबई तुझ्या डब्यात मावायची नाही गं. लहान घे. तुझं घर घे."

मग दोघींनी मिळून ठरवलं. रोशनीने घरात एक आठवडा फक्त इंग्रजीत बोलायचं. घरातलं माणूस काय करतं, हसतं, चिडतं, गप्प होतं, उत्तर देतं की देत नाही, ते रोज लिहायचं. "आपल्या भाषेला घरात अचानक दार बंद झालं तर काय होतं, ते आपण बघतोय," मॅडम म्हणाल्या. मग फळ्यावर खडूने मोठं लिहून त्याखाली रेघ ओढली: आधी विचारा. "घरातल्या प्रत्येकाला आधी सांगायचं. काय करणार, का करणार. एखादा नको म्हणाला तर त्याला सोडून द्यायचं. पोर असो, म्हातारं असो."

प्रांजल म्हणाली, "पण मॅडम, सांगितलं तर ते नॅचरल कसे वागणार?"

"थोडे कमी नॅचरल वागतील. चालेल. माणूस आधी, प्रोजेक्ट मागून."

रोशनीने हे वहीत लिहून घेतलं होतं. म्हणजे तिला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

संध्याकाळी तिने आईला सांगितलं. मथुरा भाकरी थापत होती. "बोल गो, बोल," ती म्हणाली, "माजी पोर इंग्लिश बोलतंय तं मना काय झाला? शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाऊ दे." बापाला सांगितलं तर तो जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, "बोल तुला काय बोलायचा तो. पण काम मराठीत कर."

राहिला आजा. तो अंगणात जाळ्यापुढे बसला होता. रोशनी त्याच्यासमोर बसली, रोजच्यासारखी सुईत दोरा भरू लागली. त्या दोघांचं हे जुनं होतं. ती चौथीत होती तेव्हापासून ती सुई भरायची आणि आजा गाठी मारायचा, आणि दोघं बोलायची. कुठल्या खडकावर कुणाची होडी फुटली, कुठल्या साली बोंबील एवढा आला की डुकरांनी खायचा सोडला, असलं काहीही. त्या वेळी सांगायला काय हरकत होती? तोंड उघडायचं आणि सांगायचं. पण तिने विचार केला, याला प्रोजेक्ट म्हणजे काय ते कसं सांगणार. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, तोच खरा होता. आई तर आत्ताच नटून बसली होती, बाप लक्ष देणार नव्हता. खरं काय ते आजाकडेच दिसणार होतं, आणि सांगितलं तर ते दिसणार नव्हतं.

तिने सांगितलं नाही. विसरली म्हणावं तर ते खोटं होईल.

*

पहिल्या दिवशी मजा झाली. "गुड मॉर्निंग, आई. व्हेअर इज माय टी?" म्हणताच मथुरा हसून हसून चुलीपाशी बसली. जयाच्या वलांडीवरचे बोंबील काढायला आलेल्या बायका कान देऊन ऐकत होत्या. जया ओरडली, "मथुरा, तुजे घरात मडम आली गो, आता खुर्ची आण." मथुरेला तेवढंच हवं होतं.

आजालाही पहिल्यांदा गंमत वाटली. ती सुई भरायला बसली तेव्हा तो म्हणाला, "रोशनी, जाडा दोरा दे. खोल्याला बारीक नको."

"दिस वन, आजा?"

आजाने तिच्याकडे बघितलं. मग हसला. "हां हां. तोच."

"आर यू टायर्ड?"

तो पुन्हा हसला, जरा कमी. मग त्याने तिला लहानपणची एक गोष्ट सांगायला घेतली, ती आवडीची, वादळात अडकलेल्या होडीची. रोशनीने मान डोलावली आणि म्हणाली, "देन व्हॉट हॅपन्ड?" आजा गोष्टीच्या मध्येच थांबला. पुढे काय झालं ते तिला पाठ होतं, त्यालाही माहीत होतं की तिला पाठ आहे. हा खेळ कुठे संपतो हे त्याला कळेना. त्याने गोष्ट तिथेच सोडली आणि गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी त्याने दोऱ्याकडे बोट दाखवलं. बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने सुई स्वतःच भरायला घेतली, एका हाताने, सुई पायाच्या अंगठ्यात धरून. रोशनी पुढे झाली, म्हणाली, "लेट मी डू इट, आजा." त्याने सुई बाजूला सारली. रागाने नाही. एखाद्या पाहुण्याने आपल्या घरात काम करू नये तसं.

शेजारी जया बसली होती. आजा तिच्याकडे वळून म्हणाला, "पोरी मोठ्या जाल्या की अशाच. आपली बोली त्यांच्या तोंडाला कडू लागते."

रोशनीने ऐकलं. तिने दोरा खाली ठेवला. पण रात्री वही उघडली तेव्हा तिने लिहिलं, आणि चांगल्या इंग्रजीत लिहिलं, की आजोबा आता स्वतःहून बोलत नाहीत, खुणांनी काम भागवतात, आणि तिसऱ्या माणसाकडे तिच्याविषयी बोलतात. वाक्य छान जमलं होतं. तिने ते दोनदा वाचलं. मनातल्या मनात आपण जिंकल्यासारखं वाटलं, आणि असं वाटलं याची लाजही वाटली, पण लाज लिहायचा रकाना काही प्रोजेक्टमध्ये नव्हता.

वर्गात मॅडमनी सगळ्यांच्या नोंदी पाहिल्या. प्रांजलच्या पाट्या नुसत्या मोजून झाल्या होत्या. प्रज्योतने कॅन्टीनवाल्याशी भांडण करून ठेवलं होतं. रोशनीची पानं मॅडमनी हळूहळू वाचली.

"हे फार चांगलं पाहिलंयस," त्या म्हणाल्या. "आजोबांना विचारलं होतंस ना?"

"हो मॅडम."

किती सोपं होतं ते. दोन शब्द आणि ते मराठीतच होते.

*

पुनवेच्या आदल्या दिवशी जाळं शिवून झालं. आता फक्त खोला बांधायचा राहिला होता.

या घरात एक रीत होती. जाळं नव्याने शिवलं की खोल्याच्या तोंडाची पहिली गाठ घरातल्या थोरल्याने मारायची. त्यावर कुंकवाचं बोट लावायचं, नारळ फोडायचा, आणि मग समुद्रात पहिली ओढ येईपर्यंत त्या गाठीला कुणी हात लावायचा नाही. तपासायचीही नाही. थोरल्याची गाठ तपासणं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. धाकूआजाच्या बापाने ही गाठ मारली, मग धाकूआजा मारत आला. लकवा झाल्यावरही मारली, पण आता त्याला दुसरा हात लागे. तो हात रोशनीचा. ती खोल्याचं तोंड चुण्या करून आवळून धरायची, दोर ताणून धरायची, आणि आजा उजव्या हाताने वेढे घेऊन दाताने टोक ओढायचा. "धर गो, धर घट्ट," एवढंच तो म्हणायचा.

संध्याकाळी मार्तंड आणि चंदू होडीत डिझेल भरायला गेले होते. मथुरा बाजारातून यायची होती. रोशनी ओट्यावर वही घेऊन बसली होती, दोन दिवसांत आठवडा संपणार होता आणि शेवटची पानं लिहायची होती.

आजा खोल्यापाशी बसला होता. थोड्या वेळाने तो उठला आणि ओट्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला. रोशनीने वर पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. पहिल्यांदा आवाज न येता, मग आवाज येईल असं वाटलं आणि आला नाही. त्याने मान खाली घातली, पुन्हा वर केली. रोशनीच्या ओठांवर आलं होतं, काय रे आजा, काय पाहिजे. आठवडाभर ज्या भाषेला तिने कोंडून ठेवलं होतं ती जिभेच्या टोकापर्यंत आली. पण दोनच दिवस राहिले होते. आता मोडलं तर सगळं पाण्यात.

"यस, आजा?" ती म्हणाली.

आजाने तिच्याकडे पाहिलं. मग हात हलवून काही नाही, काही नाही असं केलं आणि परत फिरला.

रोशनीने लिहिलं: आजोबा पायरीशी आले, बराच वेळ उभे राहिले, बोलण्याचा प्रयत्न केला, न बोलता परत गेले.

लिहून होईपर्यंत आजा अंगणात एकटाच वाकला होता. खोल्याचं तोंड त्याने गुडघ्यांत दाबलं होतं आणि दाताने दोर ओढत होता. तिला दिसत होतं. तो बोलवील मग जाऊ, असं ती स्वतःला म्हणाली. त्याने बोलावलं नाही. पुढे कुंकू लागलं, नारळ फुटला, आणि मार्तंडने बापाच्या पाया पडून जाळं होडीत चढवलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी होडी परत आली. बंदरावर बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. बाकीच्या होड्यांतून चांदीसारखा बोंबील उतरत होता, बायका पाटी भरून धावत होत्या, बर्फवाला ओरडत होता. मार्तंडच्या होडीतून काहीच उतरलं नाही.

गाठ सुटली होती. पुनवेच्या पहिल्या भरतीला, जेव्हा पाण्याला सगळ्यात जास्त ओढ असते तेव्हा, खोल्याचं तोंड उघडं पडलं आणि आलेली मासळी तशीच पलीकडून निघून गेली. एवढ्यावर भागलं नाही. मोकळा खोला ओढीला, जाळं बांधायला समुद्रात रोवलेल्या खुंटावर आपटून आपटून पुन्हा फाटला होता. म्हणजे हे उधाण गेलं. वलांड्या अवसेपर्यंत रिकाम्या.

मार्तंड कुणावर ओरडला नाही. तोच तर त्रास होता. त्याने अंगणात जाळं टाकलं, पाय धुतले, आणि बापासमोर उकिडवा बसला.

"बा," तो म्हणाला, "आता तू जाल्याला हात लावू नको."

आजा म्हणाला, "गाठ बरी होती रे. मना वाटला बरी हाय."

"हाताचा काय भरवसा तुज्या. मी चंदूकडून बांधून घेतो. तू बस आता. भरपूर केलास."

आजाने मान हलवली. जाळ्याच्या सुया त्याच्या उशाशी एका डब्यात असत. तो आत गेला, डबा घेऊन आला आणि चंदूच्या पुढ्यात ठेवला. चंदू बिचारा घाबरला, घेईना. मार्तंडच्या डोळ्यांकडे पाहून त्याने तो घेतला.

रोशनी दारात उभी होती. तिने सांगायला हवं होतं. बाबा, आजाला दोन हात लागतात, दुसरा माझा होता, मी बसून लिहीत होते. तोंडात वाक्य तयार होतं, मराठीतलं, साधं. पण बापाच्या चेहऱ्याकडे पाहून ती दारातून आत सरकली. मग आई आली, रडली, कामं आली, आणि सांगायची वेळ निघून गेली. अशा वेळा निघून जातात त्या परत येत नाहीत, आणि आल्या तरी त्या वेळेसारख्या नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मथुरेने सासऱ्यापुढे कोलंबीची पाटी ठेवली. सोडे करायला सोलायची होती. ते बायकांचं काम. ती संकोचत म्हणाली, "मामा, बसल्या बसल्या..." तिचा हेतू वाईट नव्हता, माणसाला काही तरी हातात हवं असतं. आजाने पाटी पुढे ओढली. एका हाताने कोलंबी सोलायची म्हणजे डोकं दाताने तोडायचं. गल्लीतून जाणारी माणसं बघत होती. जन्मभर ज्याच्या गाठीला कुणी हात लावला नाही त्याला असं कोलंबी सोलताना पाहून बंदरावरचे दोघेतिघे तिकडे न बघता निघून गेले.

त्या दिवशी रोशनीचा आठवडा संपला. संध्याकाळी ती आजाशेजारी जाऊन बसली. "आजा, मी सोलू?" ती म्हणाली. आपल्या बोलीत म्हणाली.

आजाने मान डोलावली. पाटी तिच्याकडे सरकवली. बोलला मात्र नाही. ती बोलत राहिली, हे विचार, ते विचार, आणि आजा हुंकार देत राहिला. तो तिच्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. रागाला काहीतरी उत्तर असतं.

*

प्रोजेक्ट वर्गापुढे सांगायच्या दिवशी सकाळी रोशनी फेरीबोटीत बसली होती. बोरिवलीच्या बाजारात निघालेली जया शेजारी येऊन बसली, पायांत सुक्या बोंबलाची पाटी. समोर बसलेल्या दोघी मुलींनी नाकाला रुमाल लावला तसं जयाने मुद्दाम पाटीवरचं कापड थोडं दूर केलं.

"आजा बरा हाय का गो?" तिने विचारलं.

"बरा हाय."

"बिचारा." जया पाण्याकडे बघत म्हणाली. "पुनवेच्या आधल्या दिवशी माज्याकडं आला होता. मना म्हणतो, जया, तू हॉटेलवाल्यांकडं जातंस, तुला येतंय इंग्लिश. 'दोरी धर' ला काय म्हणतात? मना कया येतंय मेली. मी तं त्या रिसॉर्टवाल्यांना फिश, फ्रेश, फायनल एवढाच बोलतंय. मग आमच्या पोराला विचारून सांगितला, रोप होल्ड. अंगणातून घरी जाईपर्यंत तोच म्हणत गेला. रोप होल्ड, रोप होल्ड. मी हसून मेली."

ती आत्ताही हसली. मग रोशनीकडे बघितलं आणि हसायची थांबली. "काय झाला गो?"

बोट मध्यावर होती. पायरीशी उभा राहिलेला आजा तिच्यापुढे उभा होता. हलणारे ओठ. ती ज्याला न बोलणं समजून बसली होती, ते बोलणंच होतं. म्हातारा तिच्या भाषेत तिला हाक मारायला आला होता. आठवत नव्हतं, धीर होत नव्हता, चुकलो तर पोरगी हसेल असं वाटलं असेल. आणि तिने त्याचं काय केलं होतं तर वहीत उतरवून घेतलं होतं.

वर्गात तिचा नंबर शेवटचा होता. प्रांजलने रंगीत आलेख आणले होते. रोशनी फळ्यापाशी उभी राहिली आणि सुरुवात चांगली केली, आईचं हसणं, बापाचं दुर्लक्ष. वर्ग ऐकत होता, तिसऱ्या बाकावरच्या मुलीचं एवढं कधी कुणी ऐकलं नव्हतं. मग आजाचं पान आलं. बराच वेळ उभे राहिले, बोलण्याचा प्रयत्न केला. ती तिथे थांबली.

"मॅडम," ती मराठीत म्हणाली, "आजाला मी विचारलं नव्हतं. तुम्हाला खोटं सांगितलं."

इरावती मॅडम खुर्चीतून उठल्या नाहीत. त्यांचा चेहरा बदलला. त्या चिडल्या होत्या, आणि त्यांना वाईटही वाटलं होतं, दोन्ही एकदम.

"का नाही विचारलंस?"

"कारण सांगितलं असतं तर तो असा गप्प झाला नसता."

मॅडमनी तिच्या हातातली पानं मागून घेतली. मग म्हणाल्या, "तो सगळा भाग काढून टाकावा लागेल. मार्क त्याच्याशिवाय जे काय पडतील ते." पुढे हळू आवाजात, फक्त तिलाच ऐकू जाईल असं, "मीही वाचून खूश झाले होते गं. एकदा घरी फोन करून विचारायला हवं होतं मी. घरी सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे सांगून काय उपयोग?"

*

अवस जवळ आली होती. चंदूने जाळं परत शिवून ठेवलं होतं आणि मार्तंड ते अंगणात पसरून बघत होता. रोशनी घरी आली, बॅगही उतरवली नाही, बापासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. कुठेही थांबली नाही, थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. दुसरा हात माझा होता. मी बघत होते. तो एकटा बांधत होता आणि मी लिहीत होते.

मार्तंडने ऐकलं. त्याचा हात वर आला आणि तिला वाटलं आता बसते. तो हात तसाच राहिला आणि मग त्याने स्वतःच्याच तोंडावरून फिरवला. त्याच्या मनात काय आलं असेल ते उघड होतं. बापाने आणून ठेवलेला सुयांचा डबा त्यानेच चंदूला उचलायला लावला होता.

"मना कशाला सांगतंस?" तो म्हणाला. "त्याला सांग."

आजा ओट्यावर कोलंबी सोलत होता. रोशनी त्याच्या पायाशी बसली. "आजा, ते इंग्लिश बोलत होते ना मी, ते कॉलेजचं होतं. परीक्षेचं. सगल्यांना सांगून करायचं होतं. तुलाच सांगितलं नाय. गाठ तुजी नाय सुटली. मी धरायला नव्हते म्हणून सुटली."

आजाने कोलंबी पाटीत टाकली. "परीक्षेचा होता?"

"हां."

"मग आधी सांगायचा ना गो," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा एवढा मोकळा झाला की रोशनीला ते बघवेना. "मना वाटला, आमची लाज वाटते तुला आता. परीक्षेचा होता तं बरा." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "पास झालीस?"

तिला रडू फुटलं. आजाला कळेना नापास झाली म्हणून रडतेय की काय. तो कोलंबीच्या हातानेच तिच्या डोक्यावर थोपटत राहिला.

मार्तंड खोला ओढत ओट्यापाशी घेऊन आला. सुयांचा डबा त्याने आजाच्या बाजूला ठेवला. माफी वगैरे त्याला येत नव्हती. म्हणाला, "बा, गाठ मार. होडी काढायची हाय."

आजा खाली उतरला. चंदू मध्ये उभा होता, त्याला म्हणाला, "सरक रे, उजेड अडवू नको." मथुरेला म्हणाला, "कुंकू आण गो." मार्तंडला म्हणाला, "दोर पाण्यात बुडवून दे, सुका हाय." सगळं जुन्या तालात, जुन्या आवाजात. मग तो रोशनीकडे वळला आणि थांबला. त्याने डोळे बारीक केले, ओठ हलवून बघितले, आणि सावकाश, एकेक शब्द जपून म्हणाला,

"रोशनी. रोप होल्ड."

तिने त्याच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली. थट्टा असती तर ती हसली असती. तिथे थट्टा नव्हती. "आजा, आपल्या बोलीत सांग ना," ती म्हणाली. "परीक्षा संपली."

"संपली तं संपली," आजा म्हणाला. "परत आली तर? माज्यामुलं तुजा नुकसान नको." आणि पुन्हा, पहिल्यापेक्षा जरा स्पष्ट, "रोप होल्ड."

तिने खोल्याचं तोंड चुण्या करून आवळलं आणि दोर दोन्ही हातांनी धरला. आजाने वेढे घेतले, वाकून टोक दातात पकडलं आणि ओढलं. गाठ बसली. त्या वेळी बसली आणि नंतरही कधी सुटली नाही. पण त्या घरात त्यापुढे जितक्या वेळा जाळं शिवलं गेलं, तितक्या वेळा धाकूआजा बाकी सगळ्यांशी कोळी बोलीत बोलला आणि रोशनीकडे वळला की थांबून, आठवून, तिला इंग्रजीत सांगत राहिला.